उपग्रहाची नजर आणि माळीणचा डोंगर

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील माळीण हे आदिवासी गाव काही क्षणांत डोंगराच्या चिखलाखाली गाडले गेले. नेहमीप्रमाणे आलेल्या एसटी बसच्या चालकाला समोर गावच दिसेना. या दुर्घटनेची पहिली खबर बाहेरच्या जगाला त्याच्याकडून मिळाली. १५१ जणांचा बळी गेला आणि चाळीसहून अधिक घरे नाहीशी झाली. पुणे शहरापासून काही तासांच्या अंतरावर, डिंभे धरणाच्या परिसरातील एक गाव असे पुसले जावे आणि त्याची वार्ता एका बसचालकाच्या डोळ्यांनी टिपावी, ही बाब मन सुन्न करणारी होती.

त्यानंतर आकाशातील डोळेही माळीणकडे वळले. 'कार्टोसॅट-२' आणि 'रिसॅट-१' या भारतीय उपग्रहांच्या प्रतिमांवरून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने (इस्रो) दुर्घटनेचे मोजमाप प्रसिद्ध केले. कोसळलेल्या दरडीची लांबी सुमारे ५१४ मीटर, रुंदी ४५ ते १३४ मीटर आणि क्षेत्र सुमारे ४४ हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अकरा एकर होते. शेकडो किलोमीटर उंचीवरून हे सारे इतक्या बारकाईने मोजता येते, याचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र हे मोजमाप पंचनाम्याचे होते, पूर्वसूचनेचे नव्हते. उपग्रहाची नजर एवढी तीक्ष्ण असताना डोंगर खचण्याची चाहूल आधी का लागली नाही, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला. २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये, २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी आणि २०२४ मध्ये केरळमधील वायनाड येथील दुर्घटनांनंतर तो पुन्हा पुन्हा विचारला गेला. त्याचे उत्तर शोधायचे, तर उपग्रहाची नजर 'तीक्ष्ण' असणे म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यावे लागते.

गुंठ्याच्या हिशेबाने

उपग्रहाची प्रतिमा छायाचित्रासारखी दिसत असली, तरी ती असंख्य लहान चौकोनांची बनलेली असते. या चौकोनाला पिक्सेल म्हणतात. जमिनीवरील जेवढा तुकडा एका पिक्सेलमध्ये सामावतो, तेवढी त्या प्रतिमेची अवकाशीय विभेदनक्षमता, म्हणजेच रिझोल्यूशन. त्या तुकड्यात विहीर, बांध, घर आणि आंब्याचे झाड असे काहीही असले, तरी उपग्रहाला त्या सर्वांची मिळून एकच सरासरी छटा दिसते. त्याहून लहान वस्तू स्वतंत्रपणे ओळखू येत नाही.

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला मीटरपेक्षा गुंठ्याचे माप जवळचे आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यामुळे १० मीटर रिझोल्यूशनच्या प्रतिमेतील एक पिक्सेल जवळजवळ बरोबर एक गुंठा भरतो. या हिशेबाने गेल्या चार दशकांतील प्रगती चटकन ध्यानात येते. मार्च १९८८ मध्ये अवकाशात गेलेल्या 'आयआरएस-१ए' या नियमित वापराच्या पहिल्या भारतीय दूरसंवेदन उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचे रिझोल्यूशन ७२.५ मीटर होते. त्याचा एक पिक्सेल म्हणजे ५२ गुंठे, एक एकर बारा गुंठ्यांचा तुकडा. डिसेंबर १९९५ मधील 'आयआरएस-१सी'ने २३.५ मीटरच्या कॅमेऱ्यातून साडेपाच गुंठ्यांपर्यंत आणि ५.८ मीटरच्या कॅमेऱ्यातून गुंठ्याच्या एक तृतीयांश भागापर्यंत मजल मारली. १९९९ मध्ये अमेरिकेचा एक मीटर क्षमतेचा 'आयकोनॉस' येईपर्यंत नागरी उपयोगाच्या उपग्रहांत 'आयआरएस-१सी' जगात आघाडीवर होता. पुढे २००५ मध्ये अडीच मीटरचा 'कार्टोसॅट-१', २००७ मध्ये एक मीटरहून सूक्ष्म पाहणारा 'कार्टोसॅट-२' आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये २५ सेंटिमीटरचा 'कार्टोसॅट-३' आला. या शेवटच्या उपग्रहाला एका गुंठ्यात सोळाशे पिक्सेल दिसतात. बांधावरचे झुडूपही त्यातून सुटणे कठीण.

माळीणची दरड याच मापाने पाहिली, तर फरक अधिक स्पष्ट होतो. 'आयआरएस-१सी'वरील १८८ मीटरच्या विस्तृत क्षेत्र कॅमेऱ्याने ती पाहिली असती, तर सारी दुर्घटना जेमतेम सव्वा पिक्सेलमध्ये संपली असती. २३.५ मीटरच्या प्रतिमेत तिचे सुमारे ऐंशी पिक्सेल भरतात आणि 'कार्टोसॅट-३'च्या प्रतिमेत सात लाख. तेव्हा सर्वाधिक सूक्ष्म उपग्रह सतत डोंगरांवर रोखून ठेवावा म्हणजे प्रश्न सुटला, असे कोणाच्याही मनात येईल. प्रत्यक्षात तसे करता येत नाही.

बारकाव्याची किंमत

कारण बारकावा फुकट मिळत नाही. २३.५ मीटरच्या कॅमेऱ्याची एक पट्टी सुमारे १४१ किलोमीटर रुंद असते. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके तिच्यात सहज मावतात. 'कार्टोसॅट-३'ची पट्टी केवळ १६ किलोमीटरची. दोन्ही तालुक्यांचे मिळून सुमारे २,४०० चौरस किलोमीटर क्षेत्र पहिल्या कॅमेऱ्यात ४३ लाख पिक्सेलमध्ये उतरते, तर २५ सेंटिमीटरच्या प्रतिमेत त्यासाठी ३,८४० कोटी पिक्सेल लागतात. ही सारी माहिती टिपायची, जमिनीवर पाठवायची, तपासायची आणि साठवायची, तर उपग्रहाला कोठे पाहायचे याची निवड करावीच लागते. सूक्ष्म पाहणारा उपग्रह देशभर नित्य गस्त घालत नाही. सांगितलेल्या ठिकाणी तो डोळा रोखतो.

येथेच रिझोल्यूशनचा दुसरा अर्थ पुढे येतो, तो काळाचा. एखादे ठिकाण किती दिवसांनी पुन्हा पाहिले जाते, ही उपग्रहाची कालिक क्षमता. भारतीय 'रिसोर्ससॅट' उपग्रहाचा २३.५ मीटरचा कॅमेरा एकाच जागी २४ दिवसांनी येतो, तर त्याच उपग्रहावरील ५६ मीटरचा कॅमेरा पाच दिवसांनी. भूस्थिर कक्षेतील 'इन्सॅट' मालिकेचे हवामान उपग्रह दर अर्ध्या तासाने सारा देश पाहतात, पण ३६ हजार किलोमीटरवरून. त्यांच्या अवरक्त प्रतिमेतील एक पिक्सेल चार किलोमीटरचा, म्हणजे त्यात अख्खे गाव शिवारासह बुडून जाते. वारंवार पाहायचे तर ढोबळ पाहावे लागते आणि बारीक पाहायचे तर क्वचित. तंत्रज्ञान पुढे जात असले, तरी ही ओढाताण संपलेली नाही.

वायनाडच्या दुर्घटनेनंतर इस्रोने प्रसिद्ध केलेल्या प्रतिमा या दृष्टीने बोलक्या आहेत. योगायोगाने ही दुर्घटनाही ३० जुलैचीच, माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी घडलेली. दरडीपूर्वीची स्थिती दाखविण्यासाठी 'कार्टोसॅट-३'ची मे २०२३ मधील प्रतिमा वापरण्यात आली, म्हणजे ती चौदा महिने जुनी होती. प्रतिमेचा बारकावा अचूक असला, तरी चौदा महिन्यांत डोंगरावर जे काही घडले असेल, ते तिच्यात असणे शक्य नव्हते.

उसाचा पूर्व भाग

उपग्रह उपयोगी पडत नाहीत, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याचा पुरावा याच दोन तालुक्यांच्या पूर्व भागात सापडतो. माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव, वडज आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांच्या पाण्याने येथे उसाचे मळे फुलविले. विघ्नहर आणि भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या गाळपाचे गणित उसाखाली किती क्षेत्र आहे यावर बांधलेले असते. देशातील साखर कारखान्यांची संघटना 'इस्मा' तर उसाच्या क्षेत्राचा अंदाज उपग्रह-प्रतिमांच्या आधारे दरवर्षी जाहीर करते.

हे काम जमते, ते केवळ बारकाव्यामुळे नव्हे. येथील शेतकऱ्याचा अर्ध्या एकराचा, म्हणजे वीस गुंठ्यांचा उसाचा तुकडा २३.५ मीटरच्या प्रतिमेत चार पिक्सेलही भरत नाही. त्यांतील बहुतेक पिक्सेल बांधावर आणि शेजाऱ्याच्या कांद्यावर सांडलेले असतात. युरोपीय अंतराळ संस्थेच्या 'सेंटिनेल-२' या १० मीटरच्या उपग्रहजोडीत त्याच तुकड्याचे वीस पिक्सेल मिळतात. २०१५ आणि २०१७ मध्ये सोडलेल्या या जोडीने पाच दिवसांनी एक विनामूल्य प्रतिमा देण्याची सोय केली. शिवाय हे उपग्रह तेरा वेगवेगळ्या प्रकाशपट्ट्यांत पाहतात. ही झाली वर्णपटीय क्षमता. डोळ्याला हिरवे दिसणारे ऊस, मका आणि गवत अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात परावर्तित करतात. त्यातच आडसाली ऊस शेतात दीड वर्ष उभा असतो आणि कांदा काही महिन्यांत निघतो. प्रतिमांची वर्षभराची मालिका लावली, की जे पीक हिरवेच राहते, ते ऊस म्हणून ओळखता येते. एका सूक्ष्म छायाचित्रापेक्षा साध्या प्रतिमांची नियमित मालिका येथे अधिक सांगून जाते.

याच मालिकेचा आणखी एक उपयोग संभवतो. जुन्नर वन विभागातील बिबट्या आणि माणूस यांचा संघर्ष उसाच्या आडोशाशी जोडलेला आहे. मादी उसात पिल्लांना जन्म देते आणि तोडणीच्या हंगामात तो आडोसा एकाएकी नाहीसा होतो. उसात दडलेला बिबट्या कोणत्याही उपग्रहाला दिसणार नाही, परंतु कोणत्या शिवारातील ऊस तुटला आणि कोठे उरला, हे आठवड्यागणिक दिसू शकते. योग्य प्रश्न विचारला, तर दहा मीटरची नजरही पुरेशी ठरते, ती अशी.

ढगांखालचा पश्चिम भाग

पूर्वेकडून पश्चिमेकडे, घोडेगाव ओलांडून भीमाशंकरच्या दिशेने जाऊ लागले, की चित्र पालटते. उसाऐवजी भाताची खाचरे, नाचणी आणि वरईची उतारावरची शेते आणि त्यांच्यावर उभे सह्याद्रीचे कडे. दरडींचा धोका असतो जून ते सप्टेंबरमध्ये आणि नेमके तेव्हाच हे आकाश ढगांनी भरलेले असते. प्रकाशावर चालणारा कॅमेरा २५ सेंटिमीटरचा असो वा २५ मीटरचा, ढगाच्या पलीकडे त्याला काहीच दिसत नाही. ज्या दिवशी उपग्रहाची सर्वाधिक गरज, त्याच दिवशी त्याच्या डोळ्यांवर पडदा असतो.

हा पडदा भेदतो तो रडार उपग्रह. तो स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि जमिनीवरून परतलेल्या लहरींपासून प्रतिमा बनवितो, त्यामुळे ढग आणि रात्र त्याला आडवी येत नाहीत. मात्र सूक्ष्मलहरींची लांबी प्रकाशलहरींच्या हजारो पट असल्याने बारीक दिसण्यासाठी प्रचंड मोठी अँटेना हवी, काही किलोमीटर लांबीची. ती अवकाशात नेणे अशक्य. यावरील तोडग्याचा एक सख्खा भाऊ जुन्नर तालुक्यातच उभा आहे. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. त्या सर्वांनी टिपलेल्या लहरी एकत्र गुंफून शास्त्रज्ञ जणू २५ किलोमीटर व्यासाची एकच दुर्बीण असल्यासारखी बारीक प्रतिमा मिळवितात. रडार उपग्रह हेच निराळ्या रीतीने साधतो. त्याची अँटेना एकच असते, पण ती वेगाने पुढे सरकत असते. वाटेतील प्रत्येक ठिकाणी मिळालेले प्रतिध्वनी जोडून तो एक लांबलचक कृत्रिम अँटेना उभी करतो. खोडदची दुर्बीण आकाशाकडे पाहते आणि रडार उपग्रह जमिनीकडे, पण दोघांचे सूत्र एकच आहे.

माळीणच्या वेळी भारताजवळ २०१२ मध्ये सोडलेला 'रिसॅट-१' होता आणि ढगांखालची दरड टिपण्यात त्याचा उपयोग झाला. युरोपचा 'सेंटिनेल-१ए' एप्रिल २०१४ मध्ये कक्षेत पोहोचला होता, तरी त्याची नियमित सेवा सुरू व्हायची होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये भारताने 'ईओएस-०४' हा रडार उपग्रह सोडला. त्याच्या पाठोपाठचा 'ईओएस-०९' मात्र मे २०२५ मध्ये प्रक्षेपण अयशस्वी झाल्याने गमवावा लागला. अशा पार्श्वभूमीवर इस्रो आणि नासा यांचा संयुक्त 'निसार' उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी, माळीणच्या अकराव्या स्मृतिदिनी, श्रीहरिकोटाहून झेपावला. बारा मीटर व्यासाची जाळीदार अँटेना आणि दोन वेगवेगळ्या लांबीच्या रडारलहरी हे त्याचे वैशिष्ट्य. दर बारा दिवसांनी तो त्याच कक्षेवरून त्याच जागी येतो. दोन फेऱ्यांमध्ये परतलेल्या लहरींतील सूक्ष्म फरक ताडून पाहिला, तर जमीन सेंटिमीटरभर सरकली तरी ते कळू शकते. त्याच्या लांब लहरी झाडोऱ्यातून खाली जमिनीपर्यंत अधिक चांगल्या पोहोचत असल्याने सह्याद्रीसारख्या हिरव्या डोंगरांवर त्याच्याकडून विशेष अपेक्षा आहेत.

तरीही 'निसार'ला रामबाण मानणे धोक्याचे ठरेल. जो डोंगर महिनोन्‌महिने मुंगीच्या पावलांनी सरकतो, त्याची चाहूल या पद्धतीने लागू शकते. अतिवृष्टीने भिजलेली माती काही तासांत सैल होऊन एकदम घसरते, तेव्हा बारा दिवसांचे अंतर फार मोठे पडते. शिवाय तिरकस पाहणाऱ्या रडारला उभ्या कड्यांच्या काही बाजू दिसतच नाहीत, त्या सावलीत राहतात. माळीणची दरड तासाभराच्या नव्हे, क्षणांच्या हिशेबातली होती.

पावसाचाही पिक्सेल

तेव्हा अशा दरडीची पूर्वसूचना मुख्यतः दोन गोष्टींतून मिळते: कोणता उतार धोक्याचा आहे याचा नकाशा आणि त्या उतारावर किती पाऊस पडतो आहे याची मोजणी. या दोन्ही ठिकाणी पुन्हा रिझोल्यूशनचाच प्रश्न उभा राहतो.

दुर्घटनेच्या आदल्या दिवशी, २९ जुलै रोजी, माळीण परिसरात सुमारे १०८ मिलिमीटर पाऊस झाल्याचे नोंदले गेले आणि तो पुढेही कोसळतच राहिला. त्या काळी उपग्रहांवरून मिळणारा पावसाचा प्रमुख अंदाज पाव अंशाच्या चौकटीचा होता. म्हणजे साधारण २७ किलोमीटर लांब-रुंद क्षेत्रासाठी एकच आकडा. आज ही चौकट एक दशांश अंशाची, सुमारे ११ किलोमीटरची झाली असून दर अर्ध्या तासाचा अंदाज मिळतो. प्रगती मोठी आहे. तथापि, सह्याद्रीत पावसाचे मान काही किलोमीटरच्या अंतरात बदलते. आंबेगावचा पश्चिम भाग चिंब असताना पूर्व भाग कोरडा असतो, हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ११ किलोमीटरची सरासरी घेतली, की कड्यावरचा मुसळधार पाऊस आणि पायथ्याच्या सरी एकमेकींत मिसळून जातात. जमिनीवरची मोजणीही बहुतांशी महसूल मंडळाच्या पातळीवर होते आणि एका मंडळात अनेक गावे असतात. डोंगरउतारावरील वस्त्यांच्या वर एक साधे पर्जन्यमापक यंत्र बसविले, तर त्याचा एक आकडा दरडीच्या बाबतीत अवकाशातील महागड्या यंत्रापेक्षा अधिक मोलाचा ठरू शकतो.

नकाशावरचा एक मिलिमीटर

धोक्याच्या नकाशांची स्थिती याहून विचार करायला लावणारी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने २०१४-१५ पासून देशभर दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे तयार करण्याची मोहीम हाती घेतली. हे मूलभूत आणि आवश्यक काम होते. मात्र त्या नकाशांचे प्रमाण आहे १:५०,०००. या प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. माळीणची दरड अशा नकाशावर मांडली, तर तिची लांबी सेंटिमीटरभर आणि रुंदी एक ते पावणेतीन मिलिमीटर भरेल, पेन्सिलीच्या बोथट टोकाएवढी. तालुक्याचे नियोजन करण्यास असा नकाशा पुरेसा आहे. कोणत्या वाडीतील कोणती घरे हलवावीत, हे तो सांगू शकत नाही.

या त्रुटीची किंमत १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीने मोजली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे दुर्घटनेनंतर सरकारनेच स्पष्ट केले. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने त्याच वर्षी फेब्रुवारीत दरडींचा राष्ट्रीय नकाशासंग्रह प्रसिद्ध केला होता. १९९८ ते २०२२ या काळातील सुमारे ८० हजार दरडींची उपग्रहांच्या साहाय्याने केलेली नोंद त्यात आहे. जेथे दरड कोसळली, तेथे ती पुन्हा कोसळू शकते, हे त्यातून कळते. जेथे ती कधी कोसळलीच नाही, तेथील धोका ओळखण्यासाठी मात्र उताराची, मातीची आणि पाण्याच्या वाटांची बारीक मोजणी लागते.

उताराची मोजणी हादेखील बारकाव्याचाच विषय आहे. 'कार्टोसॅट-१'च्या दुहेरी प्रतिमांवरून बनविलेला देशाचा उंचसखलपणाचा आराखडा इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर सर्वांना मिळतो, तो ३० मीटरच्या चौकटीत. नऊ गुंठ्यांच्या चौकटीला उंचीचा एकच आकडा. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात उतार फोडून, दगडी बांध घालून पायऱ्यांची भातशेती करण्याची 'पडकई' ही जुनी, सामूहिक श्रमाची पद्धत आहे. माळीणच्या दुर्घटनेनंतर डोंगरउतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाविषयी मोठा वाद झाला. मूळ पडकई हाताने आणि टप्प्याटप्प्याने होत असे, यंत्र मात्र एका दिवसात उताराचे स्वरूप बदलू शकते, असा तो युक्तिवाद होता. वादाचा निकाल काहीही लागो, चार-पाच मीटर रुंदीची नवी पायरी ३० मीटरच्या आराखड्यात उमटणारच नाही, हे उघड आहे. उतार जसाच्या तसा असल्याचे कागद सांगत राहील आणि डोंगर मात्र बदललेला असेल.

आडकाठी कशाची?

बारीक प्रतिमा सुरक्षेच्या कारणास्तव मिळत नाहीत, हे उत्तर एके काळी खरे होते. २००१ च्या दूरसंवेदन धोरणानुसार ५.८ मीटरपर्यंतच्या प्रतिमा सर्वांना खुल्या होत्या आणि त्याहून सूक्ष्म प्रतिमांना चाळणी होती. २०११ मध्ये ही मर्यादा एक मीटरवर आली. २०२१ मध्ये नकाशानिर्मितीवरील निर्बंध मोठ्या प्रमाणात शिथिल झाले. २०२३ च्या अंतराळ धोरणाने तर इस्रोच्या उपग्रहांच्या पाच मीटर व त्याहून ढोबळ प्रतिमा सर्वांना विनामूल्य आणि त्याहून सूक्ष्म प्रतिमा शासकीय यंत्रणांना विनामूल्य देण्याचे जाहीर केले. याचा सरळ अर्थ असा, की जिल्हा प्रशासनाने मागणी केल्यास धोक्याच्या गावांच्या सूक्ष्म प्रतिमांसाठी पैशाची अडचण सांगता येणार नाही. आता उणीव आहे ती मागण्याची, वाचण्याची आणि तिच्यावर कृती करण्याची.

माळीणनंतर पुणे जिल्ह्यात वीसहून अधिक गावे धोकादायक म्हणून निश्चित करण्यात आली. एवढ्या गावांपुरता विचार केला, तर काम आवाक्याबाहेरचे नाही. प्रत्येक गावाच्या वरच्या उताराचा १:५,००० अथवा त्याहून मोठ्या प्रमाणाचा नकाशा आणि दरवर्षी मे महिन्यात, आकाश निरभ्र असताना, त्याच उताराची एक सूक्ष्म प्रतिमा घेता येईल. मागील वर्षीच्या प्रतिमेशी तिची तुलना केली, तर नवा रस्ता, नवे सपाटीकरण, जमिनीतील भेगा आणि वळलेले ओढे दिसून येतील. पावसाळ्यात रडार प्रतिमांची बारा दिवसांची मालिका आणि गावाच्या माथ्यावर स्वयंचलित पर्जन्यमापक यांची तिला जोड हवी. यांतील कोणतीही गोष्ट नव्याने शोधायची नाही. कोलकात्यात जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्राने दार्जीलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरी या जिल्ह्यांपासून आपल्या कामाला सुरुवात केली. सह्याद्रीचाही त्यावर तितकाच हक्क आहे.

शेवटचा दुवा मात्र उपग्रहाचा नाही. अमुक मिलिमीटर पाऊस झाला, की अमुक वस्तीने अमुक ठिकाणी स्थलांतर करायचे, हा निर्णय गावात आधीच झालेला असला पाहिजे आणि पोलिस पाटलापासून आशासेविकेपर्यंत सर्वांना तो ठाऊक असला पाहिजे. स्थलांतर करून जायचे ठिकाणही तितकेच तपासलेले हवे. माळीणचे पुनर्वसन जवळच आमडे येथे झाले आणि एप्रिल २०१७ मध्ये नव्या घरांचे लोकार्पण झाले. पहिल्याच पावसात तेथील रस्त्यांना आणि भरावांना तडे गेल्याने गावकऱ्यांच्या जिवाचा पुन्हा थरकाप उडाला. जागा निवडताना, उतार तोडताना आणि भराव घालताना जमीन किती बारकाईने पाहिली पाहिजे, याचा तो दुसरा धडा होता.

पंचवीस सेंटिमीटरवरून पुढे दहा सेंटिमीटरपर्यंत नजर पोहोचेल, उपग्रहांची संख्या वाढेल आणि प्रतिमा रोज मिळू लागतील. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु आपल्या डोक्यावरच्या उताराकडे कोणी तरी दरवर्षी नेमाने पाहते आहे आणि धोका दिसल्यास ते रात्री-अपरात्री दार ठोठावणार आहे, एवढी खात्री डोंगरपायथ्याच्या माणसाला हवी असते. अकरा एकरांची ती दरड आकाशातून अचूक मोजली गेली. तशीच दुसरी दरड मोजण्याआधी तिच्याखालची घरे रिकामी झालेली असणे, हीच या तंत्रज्ञानाची खरी कसोटी आहे.